गोव्यातल्या चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्यातली पायवाट सासूबाईंना झेपेल का?

म्हापशाची_सून: रविवारी सासूबाई आणि सात वर्षांच्या लेकाला घेऊन सलीम अली अभयारण्यात जायचा बेत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. चालणं किती? पोराला कंटाळा येईल का?

चोडणकर_आजोबा: खुशाल या. रायबंदरहून फेरीबोट धरा, धक्क्यावर उतरलात की प्रवेशद्वार जवळच. सगळं अभयारण्यच जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, त्यात वाट छोटी नि सपाट. पक्षी बघायच्या मनोऱ्याचा जिना मात्र वहिनींनी चढू नये. मी हट्टानं चढलो आणि आठवडाभर तेल चोळत बसलो!

वेळ भरती-ओहोटी बघून ठरवा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, मग बगळे, खंड्या उतरतात. पण पक्ष्यांच्याच मागे लागू नका. पोराला खाली बघायला सांगा: चिखलातून पेन्सिलीसारखे कोंब वर आलेले दिसतील, ती तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, श्वसनमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. पानावर मिठाचे कण असतात, नातवानं माझ्या चाटून पाहिलं होतं. शिवाय निवट्या, पाण्याबाहेर उड्या मारणारा मासा! तो दिसला की पोर हलणार नाही.

डिचोलीचा_बाबू: डासांचं मलम विसरू नका. आणि लाल शर्ट नको, आमचे सगळे बगळे उडाले.

म्हापशाची_सून: आजोबा, ओहोटी सकाळी नऊला आहे. सासूबाई विचारतात, बसायला बाक आहे का?

चोडणकर_आजोबा: घडीची खुर्ची आणा, म्हणजे प्रश्नच नाही.