कंपवात आणि योगासनं : तुमच्या घरातले अनुभव लिहा

शनिवारपेठी
परवा माळा आवरताना अण्णांचा पट्टा सापडला. पांढरा, सुती, बकलवाला, आसनांचा. सोबत दोनशे पानी वही. रोजची नोंद : 'ताडासन, भिंतीला पाठ. वृक्षासन, खुर्ची धरून. शवासन, झोप लागली.' पहिल्या पानावर अक्षर टपोरं, मास्तरकीतलं. विसाव्या पानावर एका ओळीत दोन ओळी मावतील एवढं. शेवटी शेवटी मुंगीचे पाय. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, अक्षर बारीक होत जातं हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आईला वाटायचं, वही पुरवून वापरतायत. पेठेतल्या पेन्शनराला शोभेलसंच.

निदान २०११ साली झालं. हात थरथरायच्या दोन वर्षं आधीपासून त्यांना फोडणीचा वास येत नव्हता, ते आम्ही सर्दीवर ढकललं. गोळ्यांनी फरक पडला. योग त्यांनी स्वतःहून धरला. मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे, तिथे शिकलेल्या एक बाई आमच्या वाड्यामागे वर्ग घ्यायच्या. विटा, लोड, दोर, खुर्च्या, नुसतं गोडाऊन. पहिल्या दिवशी बाईंनी काहीच करायला लावलं नाही. खुर्चीवर बसा आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकतायत का बघा, एवढंच. अण्णा घरी येऊन म्हणाले, "शंभर रुपये देऊन स्वतःच्या टाचा बघून आलो." दुसऱ्या दिवशी मात्र दहा मिनिटं आधी जाऊन बसले.

बरे झाले नाहीत. तीन वर्षांपूर्वी गेले. पण २०१८ पर्यंत सदऱ्याची बटणं स्वतः लावत होते, वरचं एक सोडून. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. औषध की योग हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा आणि मला बोलवू नका.

मनीमाऊ७
रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय.

थरथराट
मी स्वतः पेशंट, सहावं वर्ष. बोलून टाइप करतोय. आवाज बारीक झाल्यामुळे फोन भलतंच ऐकतो. मघाशी 'भुजंगासन' म्हणालो तर 'भुजिंग आणा' उमटलं. शाकाहारी माणूस आहे हो मी. ओंकार आणि भ्रामरी रोज दोन वेळा करतो. हिचं म्हणणं, आता माझं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. त्यामुळे भांडणं पूर्ववत सुरू झाली आहेत.

खादाडखाऊ
ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट) काका! भुजिंग आणलं का शेवटी?

थरथराट
नाही. भरली वांगी होती.

सहकारनगरची_सून
अण्णांची वही वाचून भरून आलं. आमचं असं की दर पावसाळ्यात नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की सासरे खिडक्या लावून शिव्या घालणार. तेव्हा आम्ही नारायण पेठेत होतो. एका संध्याकाळी बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचेच, पाय दारात चिकटले. पुढेही नाही, मागेही नाही. मी मागून धरून उभी. तेवढ्यात पात्रात ताशा कडाडला आणि बाबा चक्क डावा-उजवा करत जिन्यापर्यंत गेले! दोघंही बघतच राहिलो. नंतर कळलं की तालावर पाऊल सुटतं, हे फिजिओ लोकांना माहीतच असतं. मग आसनांच्या आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालणं, मोबाईलवर ताल लावून. बाबांची अट होती, ढोल नको, तबला. केरव्यावर चालायचे.

उंबरा
आमच्या ह्यांना गोळी घेतल्यावर पाऊण तासाने अंग मोकळं होतं. तीच वेळ आसनांची. आधी केलं तर लाकूड, उशीर झाला तर परत लाकूड. दूधवाला, कामवाली, इस्त्रीवाला, सगळ्यांना वेळ पाठ आहे, कुणी बेल वाजवत नाही. पॅसेजमध्ये जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात, एकेक ओलांडायची. पाहुणे विचारतात, नातवंडांना लंगडी घालायला का? हो म्हणते. पायपुसणी सगळी काढून टाकली. आमचं मोठं आसन म्हणजे अंथरुणात कुशीवर वळणं. गुडघे दुमडा, गुडघे पाडा, मग खांदा. हे बाईंनी शिकवल्यापासून रात्री मला दोनदाच उठावं लागतं. आधी पाचदा.

औंधकर_आता_दूर
आमचा अनुभव उलटा, तोही लिहिते. सोसायटीतल्या एका योगशिक्षकांनी आईला सिंडोपा, म्हणजे कंपवाताची गोळी, बंद करायला लावली. म्हणे प्राणायामाने मेंदूत कमी पडणारं डोपामिन आपोआप तयार होईल. मी परदेशात. चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा पुतळ्यासारखा, उठून बसता येईना. मामा रात्री दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, ही गोळी अशी एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. आई अजून योग करते, दुसऱ्या बाईंकडे. त्या शिक्षकांनी नंतर मला 'सकारात्मक विचार ठेवा' असा मेसेज पाठवला. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

उंबरा
बाई गं. आईंना सांभाळ. आणि तू तिकडे एकटी आहेस, जेवतेस ना नीट?

औंधकर_आता_दूर
हो काकू. आज पिठलं केलंय.

मेंदूमिस्त्री
न्यूरोफिजिओ (मेंदूच्या आजारांची फिजिओथेरपिस्ट) आहे, दोन पेशंटच्या मधल्या वेळात लिहितेय, चुका पोटात घाला. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग झाला, २०१९ साली छापून आला. निम्म्यांना सजगतेसह योग, निम्म्यांना स्ट्रेचिंग आणि ताकदीचे व्यायाम. हालचालीत दोन्ही गट जवळपास सारखे सुधारले. चिंता आणि उदासी मात्र योगवाल्यांची जास्त कमी झाली. पण ते सगळे स्वतः चालू शकणारे, हे विसरू नका.
दुसरं. या आजारात उभं राहताना रक्तदाब पडू शकतो. शवासनातून ताडकन उठायचं नाही. कुशीवर, मग बसा, शंभरपर्यंत मोजा, मग उभे. वृक्षासन भिंतीजवळच. शीर्षासनाचा हट्ट धरणारे आजोबा माझ्याकडे महिन्याला एक तरी येतात, त्यांना मी आधी मोजे घालून दाखवायला सांगते.

गुलटेकडी_एक्सप्रेस
कुहिलीच्या बियांचं चूर्ण चालतं का? गावाकडे देतात.

मेंदूमिस्त्री
त्यात मुळात लेव्होडोपाच असतं, गोळीतलं तेच. म्हणूनच मनाने घ्यायचं नाही. गोळी अधिक चूर्ण म्हणजे किती पोटात गेलं याचा पत्ताच नाही. डॉक्टरांना दाखवा. आणि गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी. उसळ, पनीर, अंडी यातली प्रथिनं तिची वाट अडवतात.

खादाडखाऊ
म्हणजे मिसळ बंद?

मेंदूमिस्त्री
मिसळ नाही हो, वेळ बदला.

थरथराट
या वाक्याची पाटी करून लावा कुणीतरी. दुपारी एक ते चार सोडून.

गुलटेकडी_एक्सप्रेस
अवांतर : ती पाठीचा पत्रा काढलेली लोखंडी घडीची खुर्ची कुठे मिळते? आईला बसून पीळ द्यायचा तर साध्या खुर्चीत पाठ आडवी येते.

सहकारनगरची_सून
जुन्या बाजारात साधी घेतली, वेल्डिंगवाल्याने पत्रा कापून कडा घासून दिल्या. बसवण्याआधी पायांना रबरी बूट घाला. आमची पहिल्या दिवशी फरशीवरून बाबांसकट सरकली. मी होते म्हणून.

कोथरूडचा_बाप्या
जुन्या बाजारातून मी १९९४ साली रेडिओ घेतला, अजून वाजतो.

शनिवारपेठी
सगळ्यांचं वाचतोय. थरथराट काका, तुम्ही लिहीत राहा.
वहीचं शेवटचं पान काल भिंग लावून वाचलं. 'टाचा टेकल्या. शवासन. हिने पांघरूण घातलं.' आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पांघरूण कुठलं, टेबलक्लॉथ होता, हाताशी तोच सापडला.

मनीमाऊ७
आले. तोवर इथे तुमचं तीन शिट्ट्यांत सगळं बोलून झालंय. आमच्या आजोबांचं उद्या लिहिते, मोठं आहे. सूनबाई, त्या वेल्डिंगवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर गं.