मदत हवी आहे: ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) नसा, म्हणजे नर्व्ह, मेंदूचा रक्तप्रवाह वाढवतात की कमी करतात?

निशिगंध:
परवा व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे आणि मी इथेच अडकलेय. एकीकडे लिहिलंय, लोकस सेरुलियस (ब्रेनस्टेममधला पेशींचा छोटा पुंजका) चेतवला की प्रवाह घटतो. दुसरीकडे, फेशियल नर्व्हमुळे (चेहऱ्याच्या नसेमुळे) वाढतो. तिसरीकडे तर सिंपथेटिकचा (ताणाच्या वेळी शरीर सज्ज करणाऱ्या नसांचा) मेंदूवर फारसा परिणामच नाही म्हणे! नक्की काय धरू? लवकर सांगा प्लीज.

अवलिया७२:
कसली व्हायवा? एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओ?

तांबडी_माती:
सोपं आहे. आपण झटकन उभे राहिलो की कॅरोटिड सायनसमधला (मानेतल्या धमनीचा दाब ओळखणाऱ्या भागातला) दाब उतरतो, नवव्या नर्व्हमधले सिग्नल मंदावतात. मेड्युला (ब्रेनस्टेमचा खालचा भाग) लगेच सिंपथेटिकचा जोर वाढवतो, नाडी वाढते, पायांतल्या वाहिन्या आवळतात. मेंदूला रक्त मिळतं. एवढं सांग, सुटशील.

निवासी_डॉक्टर:
हे अंगातल्या बीपीचं झालं. तिने मेंदूच्या वाहिन्यांचं विचारलंय. निशिगंध, वाहिन्या कुठल्या? पृष्ठभागावरच्या की आत शिरलेल्या? आणि लोकस सेरुलियसचा प्रयोग कुणावरचा?

तांबडी_माती:
दाबच नसेल तर वाहिन्या रुंदावून काय उपयोग? आधी बीपीच.

मालती_के:
माझ्या सासऱ्यांना पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हाच प्रकार का? बीपीची गोळी रात्री घेतात.

निवासी_डॉक्टर:
ताई, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळचं बीपी मोजून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी परस्पर बंद करू नका.

योगसाधक:
रोज भस्त्रिका करा. मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, स्वानुभव आहे.

निवासी_डॉक्टर:
काका, जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या वाहिन्या आकसतात. त्याचा दाब १ मिमी पाऱ्याने उतरला तर प्रवाह साधारण ३-४ टक्के घटतो. सासऱ्यांना तर हे मुळीच सुचवू नका.

योगसाधक:
मी सावकाश करतो, मला कधी चक्कर आली नाही.

निशिगंध:
अहो, विषय कुठे चाललाय! एमबीबीएस पहिलं वर्ष. प्रयोग माकडांवरचा, १९७५चा. वाहिन्या कुठल्या ते पुस्तकात वेगळं दिलेलंच नाही.

निवासी_डॉक्टर:
हे आधी सांगायचंस ना. तिथेच तर गोंधळ आहे. पृष्ठभागावरच्या धमन्यांना बाहेरून नसा येतात. सुपीरियर सर्व्हायकल गँग्लियनमधून (मानेतल्या नसपेशींच्या गाठीतून) सिंपथेटिक, ती आवळते. पाँसमधल्या (ब्रेनस्टेमच्या मधल्या भागातल्या) सुपीरियर सॅलिव्हेटरी न्यूक्लियसमधून, फेशियल नर्व्हवाटे स्फेनोपॅलाटाइन गँग्लियनमार्गे पॅरासिंपथेटिक (सिंपथेटिकच्या उलट काम करणारी), ती रुंदावते. वाहिनी मेंदूत खोल गेली की या बाहेरच्या नसा संपतात. तिथे मेंदूच्याच पेशींचे तंतू पोचतात, त्यांत लोकस सेरुलियसचे नॉरॲड्रेनॅलिनवाले (हे निरोप नेणारं रसायन). तुझा माकडांचा प्रयोग या आतल्या व्यवस्थेचा.
‘सिंपथेटिकचा परिणाम नाही’ हे शांत अवस्थेपुरतं. बीपी एकदम उसळलं की तीच मोठ्या धमन्या आवळून पुढच्या बारीक वाहिन्या वाचवते.

निशिगंध:
म्हणजे तिन्ही बरोबर, जागा आणि वेळ वेगळी! मग ऑटोरेग्युलेशन (दाब बदलला तरी प्रवाह स्थिर राहणं) नसांमुळे का?

निवासी_डॉक्टर:
मुख्यतः नाही. दाब वाढला की वाहिनीच्या भिंतीतला स्नायू ताणला जाऊन स्वतःच आकसतो. सरासरी दाब साधारण ६० ते १५० मिमी पारा असेपर्यंत प्रवाह जवळपास तेवढाच राहतो, असं पुस्तकी उत्तर दे.

तांबडी_माती:
तरी सुरुवात कॅरोटिड सायनसपासूनच कर. परीक्षक आधी तिथेच धरतात.