म्हाताऱ्या तारकागुच्छात निळे तारे कसे? जोडताऱ्यांचा काय संबंध?

रामबागवाला (इंदूर): जानापावच्या डोंगरावरून दुर्बिणीतून कर्क राशीतला एम ६७ हा तारकागुच्छ बघितला. (राजवाड्यावरून हल्ली गुरू-शुक्र दिसले तरी खूप.) गुच्छाचं वय साधारण ४ अब्ज वर्षं. सगळे तारे एका ढगातून, एकाच सुमारास जन्मलेले. जड तारे इंधन लवकर जाळतात, म्हणजे सूर्याच्या दीडपट वजनाचे तारे केव्हाच संपायला हवेत. तरी काही निळे, तेजस्वी, म्हणजे जड तारे टिकून आहेत. भाचा म्हणतो, मागून आलेले पाहुणे असतील. पुस्तकवाले ‘जोडतारे’ (एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे) म्हणून मोकळे होतात. जोडी जमली की तारा तरुण कसा होतो?

पुष्य२७: पाहुणे नाहीत, त्यांची चाल गुच्छाबरोबरच आहे. जवळच्या जोडीतला एक तारा म्हातारपणी फुगला की त्याचा वायू दुसऱ्यावर ओतला जातो. दुसऱ्याचं वजन वाढतं, तो जास्त तापतो, निळा दिसतो. कधी दोघं चक्क एकमेकांत मिसळतात. खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेजना असे तारे १९५३ मध्ये एम ३ गुच्छात सापडले. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीनं एनजीसी १८८ या गुच्छामधल्या अशाच एका ताऱ्याचा उष्ण जोडीदार पकडलाय.

मास्तरीणबाई: हे झालं एकेका ताऱ्याचं. जोड्या अख्ख्या गुच्छाला वळण लावतात, खरी गंमत ती. फुगडी आठवा. हात घट्ट धरून गरगरणाऱ्या दोघींच्या मध्ये तिसरी घुसली, तर ती फेकली जाते. इथंही तेच, फक्त हातांच्या जागी गुरुत्वाकर्षण. जोडीजवळून गेलेला तारा वेग घेऊन सुटतो, आणि ती ऊर्जा देऊन जोडी आणखी आवळते. सैल जोडी मात्र अशा धक्क्यानं फुटते. शास्त्रज्ञ डग्लस हेगींनी १९७५ मध्ये हा नियम मांडला.

जोडी एकट्या ताऱ्यापेक्षा जड, म्हणून ती गाभ्याकडे बुडते. गाभा आकसत जातो, तिथं या टकरी वाढतात, त्यातून मिळालेली ऊर्जा आकसणं रोखते.

रामबागवाला: बाई, एम ६७ मध्येही एवढी धुमश्चक्री?

मास्तरीणबाई: तो विरळ, तिथं टकरी कमी, निळे तारे बहुतेक वायू ओतला गेल्यानंच. दाटी बघायची तर पावसाळा सरल्यावर एम १५ हा गुच्छ शोधा. लाखभराहून जास्त तारे, आणि गाभा कोसळून चुकल्यासारखा दाट.