लिंबूटिंबूंकडून हरणं जास्त लागतं की दादा टीमकडून? (बास्केटबॉल : अनुभव धागा)

२०२३च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, मिलवॉकी बक्सचं पहिल्याच फेरीत पानिपत झालं. सीझनमध्ये ५८ विजय, अख्ख्या लीगमध्ये पहिले. आणि समोर मायामी हीट, कसेबसे आठव्या नंबरवरून आत आलेले. मॅचच्या मालिकेचा ४-१ असा निकाल लागला. नंतर एका पत्रकाराने बक्सचा स्टार यानिस याला विचारलं, हा सीझन वाया गेला असं वाटतं का? तो उखडलाच. तुला दरवर्षी प्रमोशन मिळतं का, नाही मिळालं तर तुझं वर्ष वाया गेलं का, असा त्याचा सूर होता. उत्तर खूप गाजलं. मलाही पटलं. पण तो फायनलमध्ये हरला असता तर हा प्रश्न इतक्या तोंडावर कोणी विचारला नसता, असंही वाटत राहिलं.

तर मंडळी, स्वतः खेळलेलं, शिकवलेलं किंवा बाकावर बसून पाहिलेलं लिहा. शाळा, कॉलेज, सोसायटी, काहीही चालेल. क्रिकेट नको, त्याला बाकी सगळी जागा मोकळी आहे. शाळा, क्लब, रेफ्री यांची नावं टाळा, उगाच भांडणं नकोत.

सुरुवात मी करतो. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीमचा विद्यापीठात चांगला दबदबा होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत एका नव्या कॉलेजशी गाठ पडली. मोजून सहा पोरं आलेली, दोघांच्या बनियनवर नंबर चिकटपट्टीने लावलेले. ती टू-थ्री झोन (दोघं पुढे, तिघं मागे) लावून रिंगखाली गर्दी करून उभी राहिली, ती शेवटपर्यंत हलली नाहीत. आम्हाला आत घुसताच येईना. बाहेरून मारत राहिलो, बॉल रिंगला लागून बाहेर येत राहिला. चार पॉइंटांनी गेलो. त्यानंतर भेटेल तो आधी ‘कोणाकडून?’ विचारायचा, आणि कॉलेजचं नाव सांगितलं की ‘हे कुठे आलं?’ त्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसायचं.

माझं मत अर्थातच लिंबूटिंबू. तुमचं सांगा.

चष्मिस

लिंबूटिंबू. विषय संपला. मोठ्या टीमकडून हरलो तर घरी सांगता येतं. शेजारच्या सोसायटीकडून हरलो तर ते रोज भाजीवाल्याकडे भेटतात.

फॉरवर्ड ताई

मी उलट्या बाजूची. सिनियर नॅशनल्सला राज्याकडून गेले आहे (बराचसा वेळ बेंचवर, तरी गेले आहे). महिलांमध्ये रेल्वेची टीम काय चीज आहे ते बाहेरून कळत नाही. मुलगी जरा चमकली की तिला रेल्वेत नोकरी लागते, आणि पुढच्या वर्षी ती तुमच्याच समोर उभी असते. म्हणजे अख्ख्या देशाची मलई एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या आम्ही.

सुरुवातीपासून फुल कोर्ट प्रेस, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अडवणूक. बॉल आत टाकला की दोघी अंगावर. आठ सेकंदांत हाफ लाइन ओलांडायची असते, आमच्या गार्डला पहिल्या क्वार्टरमध्ये ते जमेचना. शिट्टी, बॉल त्यांचा, लेअप (रिंगजवळून सोपा शॉट), परत तेच. खरं सांगते, तेव्हा काही लागत नाही. दमछाकच एवढी असते की वाईट वाटून घ्यायला सवड नसते.

लागलं ते तिसऱ्या क्वार्टरला. त्यांच्या कोचने प्रेस काढला, मेन पाचजणी बसवल्या, आणि बदली आलेल्या मुली बॉल नुसता फिरवायला लागल्या. शॉट मारायची चोवीस सेकंदांची मुदत संपत आली की एक शॉट, लागला तर लागला. आमची कीव करत होत्या. त्यातली एक आमच्याच जिल्ह्यातली, ज्युनियरच्या शिबिरात माझ्याच खोलीत असायची. मी ड्राइव्ह केलं (बॉल घेऊन रिंगकडे घुसले) तर ती बाजूला झाली आणि मला मोकळा लेअप मारू दिला. ते दोन पॉइंट अजून पचलेले नाहीत मला. ५०ने हरवा, ७०ने हरवा, पण शेवटपर्यंत मारा.

मधला बाक

ताई, तुमच्या नावावर दोन पॉइंट तरी आहेत. आमच्या नावापुढे स्कोअरशीटवर फक्त फाउल.

शिट्टीवाले सर

शाळेच्या टीमा घडवण्यात हयात गेली, त्यामुळे भावना बाजूला ठेवून जरा गणित मांडतो. बास्केटबॉलमध्ये कच्ची टीम सहसा जिंकत नाही, कारण एका मॅचमध्ये बॉल दोन्हीकडे इतक्या वेळा येतो की नशीब दोघांना सारखंच वाटलं जातं. फुटबॉलमध्ये एक गोल लागला की दहाजण मागे उभे करून निभावता येतं, इथे नाही. मात्र मॅच आखूड केली तर चित्र बदलतं. आपल्या शालेय स्पर्धांमध्ये एका दिवसात सगळं उरकायचं असतं, म्हणून कितीतरी ठिकाणी क्वार्टर छोटे करतात, बॉल बाहेर गेला तरी घड्याळ थांबवत नाहीत, आणि शॉट क्लॉक (ते चोवीस सेकंदांचं घड्याळ) नसतंच. फार तर टेबलावरचा एखादा पोरगा ‘पाच, चार, तीन’ ओरडतो. अशा मॅचमध्ये बॉल दाबून बसणारी कच्ची टीम शेवटपर्यंत चिकटून राहते, आणि मग एक शॉट इकडे की तिकडे. पालक येऊन विचारतात, सर, यांच्याकडून कशी हो हरली? अशी हरली!

मोठ्या पातळीवरचं उदाहरण हवं तर व्हर्जिनिया विद्यापीठ, मार्च २०१८. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पुरुषांच्या स्पर्धेत तोवर पहिलं मानांकन विरुद्ध १६वं मानांकन अशा १३५ मॅच झाल्या होत्या, सगळ्या पहिल्या मानांकनानेच जिंकलेल्या. व्हर्जिनियाचा खेळ डिफेन्सचा, संथ. हाफटाइमला स्कोअर २१-२१. संथ खेळात मागे पडलं की भरून काढायला पुरेसे बॉलच मिळत नाहीत. यूएमबीसी नावाच्या, तोवर फारसं कोणाला माहीत नसलेल्या टीमने दुसऱ्या हाफमध्ये धुतलं, ७४-५४. व्हर्जिनियाचा डीआंद्रे हंटर मनगटाला दुखापत होऊन बाहेर होता, पण २०ने हरल्यावर सबब कोण ऐकून घेतो?

पुढच्याच वर्षी त्याच कोचने, बरीचशी तीच पोरं घेऊन, विजेतेपद मिळवलं. ही गोष्ट मी दर वर्षी टीमला सांगायचो. हल्ली सांगत नाही. एका दहावीतल्या मुलाने विचारलं, सर, आणि जे हरले त्याच वर्षी पास होऊन गेले त्यांचं काय? मी त्याला सबस्टिट्यूट म्हणून आत पाठवला आणि विषय टाळला.

बे एरियातला बाब्या

सर, कच्ची टीम कोण हे ठरवायचं कोणी? २००७ साली मी ओकलंडजवळ राहायचो. एनबीएत डॅलसचे ६७ विजय, आमच्या वॉरियर्सचे ४२. प्लेऑफला पहिली विरुद्ध आठवी. ४-२ ने डॅलस घरी. पण त्याच सीझनमध्ये वॉरियर्सनी डॅलसला तिन्ही मॅचमध्ये हरवलं होतं, हे पेपरवाले विसरतात. वर कोच कोण, तर डॉन नेल्सन. डॅलसमध्ये असताना त्यांचा हुकमी खेळाडू डर्क नोवित्स्की याला घडवणारा तोच. डर्कला बॉल कुठे आवडतो, कोणत्या बाजूला वळतो, सगळं याला पाठ. उंच सेंटर लावायच्या ऐवजी चपळ गडी त्याच्या अंगाला चिकटवले. शेवटच्या मॅचमध्ये डर्कचे १३ पैकी २ शॉट पडले. काही दिवसांनी त्याला त्या वर्षीच्या एमव्हीपीची (सर्वोत्तम खेळाडूची) ट्रॉफी दिली, टीम घरी बसलेली असताना! ‘आठव्या नंबरकडून हरलो’ म्हणून डॅलसवाले हळहळायचे. आम्ही म्हणायचो, नंबर सोडा हो, तुमचं औषध आमच्याकडे होतं.

यानिसचंही तेच. पहिल्या मॅचला पाठीवर आपटला, पुढच्या दोन खेळलाच नाही, आणि चौथ्या मॅचमध्ये मायामीच्या बटलरने एकट्याने ५६ मारले. त्या आठवड्यात कच्चं कोण होतं?

धागाकर्ता

बाब्या, मुद्दा मान्य. पण एनबीए मी सुरू केलं तेवढंच पुरे, स्वतःचा अनुभव टाका मालक.

बे एरियातला बाब्या

स्वतःचा अनुभव म्हणजे प्रेक्षक. गुडघा गेला कॉलेजातच.

नागपाडा कट्टा

आमच्याकडे, मुंबईतल्या नागपाड्यात, वाढलेल्यांना हा प्रश्नच कळणार नाही. आम्ही खेळायचो तेव्हा संध्याकाळी कोर्टवर नियम एकच, जिंकेल तो राहील आणि हरेल तो बाहेर. बाहेर टीमा रांगेत. कोणाकडून हरलात याच्याशी कोणाला देणंघेणं नसायचं, तुमचा नंबर परत येईपर्यंत अंधार व्हायचा हेच दुःख. आणि वस्ती अशी की हिने अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कॅप्टन दिला, १९७०चा अर्जुन पुरस्कारवाला. त्यामुळे कधी कधी शाळकरी पोरासमोर इंडिया खेळलेला माणूस उभा राहायचा. तो अर्थातच हरवायचा, कोपर पण मारायचा. त्या कोपराची शाळेत दोन-दोन महिने बढाई चालायची.

लेकीची आई

चौदा वर्षांखालच्या मुलींचं सांगते. लेक हरते, रडते, वडापाव खाते, गाडीत गाणी लावते. कोणाकडून हरली हे तिला घरी पोचेपर्यंत आठवत नाही. तिच्या बाबांना मात्र समोरच्या टीमच्या सगळ्या मुलींचे नंबर पाठ असतात.

डावखुरा

सगळे दोनच टोकांचं बोलताय. सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या टीमकडून दोन पॉइंटांनी हरणं. ५०ने हरलं की रात्री झोप लागते.

राज्य स्पर्धा. आम्ही विदर्भातल्या एका छोट्या जिल्ह्याची टीम, समोर पुण्याची. आमच्या मॅनेजरने संध्याकाळच्या गाडीची परतीची तिकिटं आधीच काढून ठेवलेली, यावरून काय ते समजा. आणि आम्ही लीडवर! शेजारच्या कोर्टांवरची पोरं येऊन साइडलाइनला बसायला लागली. आमचं गाव नकाशावर दाखवता येणार नाही असे लोक आमच्या नावाने ओरडत होते.

शेवटचं दीड मिनिट, तीनने पुढे. त्यांनी दोघं आमच्या गार्डवर सोडले. मोकळा ठेवला फक्त सेंटर. मुद्दाम. हा आमचा सव्वासहा फुटी गडी, रिंगखाली वाघ, पण फ्री थ्रो (फाउलवर मिळणारा मोकळा शॉट) म्हणजे नुसता दगड. त्याच्याकडे पास गेला की लगेच फाउल. त्यांच्या टीम फाउलची मर्यादा केव्हाच संपलेली, म्हणजे आम्हाला दोन फ्री थ्रो. त्यांना तेच हवं होतं. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागला. दुसरा बोर्डवर आपटून थेट त्यांच्या हातात. तिकडून थ्री (बाहेरच्या लाइनमागून तीन पॉइंटांचा शॉट), बरोबरी. पुन्हा तोच प्रकार. यावेळी त्याने एक घातला, एक घालवला. आम्ही एकने पुढे. शेवटच्या चार सेकंदांत त्यांनी कोपऱ्यातून थ्री मारला. पाय लाइनवर होता असं आमचे कोच आजही म्हणतात.

मग त्यांचे कोच एकेकाशी हात मिळवत आले, ‘छान खेळलात रे पोरांनो.’ ते छान खेळलात डोक्यात गेलं. तुम्ही हरणारच होतात, हे त्यात धरलेलंच असतं. गाडी मिळाली आम्हाला. सेंटर आता पोलिसात आहे, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आहे. कोणी त्या मॅचचा विषय काढला की ग्रुप सोडतो, परत घ्यावा लागतो.

शिट्टीवाले सर

डावखुरा, पोराचा दोष नाही. फ्री थ्रो सगळीकडे सरावाच्या सुरुवातीला, ताज्या हातांनी मारून घेतात. ते शेवटी, पळवून पळवून धाप लागल्यावर मारून घ्यायचे असतात. मॅचमध्ये पाय कापत असताना मारायचे असतात ना?

पूर्वेचा पाहुणा

आपण स्वतःच कोणाचे तरी लिंबूटिंबू असतो हेही लक्षात घ्या. २०१४, वुहान, फीबा आशिया कप. भारत ६५, चीन ५८. चीनच्या घरात. मी तेव्हा शांघायला नोकरीला होतो. एरवी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या एनबीए स्टार याओ मिंगच्या गप्पा मारणारे ऑफिसातले लोक त्या आठवड्यात हवामानावर बोलायला लागले. मीही विषय काढला नाही, फक्त डब्यात जिलेबी नेली. कशाची म्हणून कोणी विचारलं नाही, संपवली मात्र.

आणि १९८०चं मॉस्को. ऑलिंपिकला आपली बास्केटबॉल टीम गेली ती तेवढीच एकदा. सगळ्या मॅच हरलो, १२ पैकी १२वे आलो. तरी त्या टीममधला माणूस आयुष्यभर ऑलिंपियनच. जिल्ह्यात कच्च्या टीमकडून हरलेल्याला असं मानाचं काही कोणी म्हणतं का?

चाळिशीपारचा सेंटर

आमच्या वयात समोरच्या सगळ्याच टीमा दादा. रविवारी कॉलेजची पोरं येतात, कोर्ट अर्धं वाटून घेतो, शेवटी एक मॅच होते. गेल्या खेपेला एकजण म्हणाला, काका, तुम्ही थ्री मारा, आम्ही अडवत नाही. मी मारले. दोन पडले, पुष्कळ चुकले, वीसेक पॉइंटांनी हरलो आणि मजेत घरी आलो. फॉरवर्ड ताईंना न पचलेली ती कीव आम्हाला चालते. फक्त ‘काका’ नको.