मदत हवी आहे: बीएस्सीनंतर फॉरेन्सिक की एलएलबी?

नमस्कार ताई-दादांनो, मी सातारा जिल्ह्यातली, बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे चोरी झाली. आजीची बोरमाळ गेली, ती अजून मिळाली नाही. पण ठसेतज्ज्ञ मॅडम कपाटाच्या मुठीवर ब्रशने काळी पावडर फिरवत होत्या आणि बोटाच्या पुसट रेघा हळूहळू उमटत होत्या, ते डोळ्यांसमोरून हलतच नाही. हेच काम, म्हणजे फॉरेन्सिक (गुन्ह्याच्या पुराव्यांची वैज्ञानिक तपासणी) करायचं, असं तेव्हापासून मनात आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (गुन्ह्याच्या तपासाची आणि खटल्याची पद्धत ठरवणारा नवा कायदा) ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं आहे, त्यासाठी राज्यांना ५ वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणारच ना? बाबा म्हणतात, एलएलबी कर, वकिलीची सनद तरी हाताशी राहील. त्यांची काळजी मला कळते, घरात कमावते ते एकटेच.

मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) संस्थेतून कुणी एमएस्सी केलंय का? पुढे कायम नोकरी लागली की कंत्राटी? व्हिसेराचं (मृतदेहातल्या अवयवांचे नमुने तपासायचं) काम, कोर्टातली उलटतपासणी झेपते का? कृपया अनुभव सांगा, जूनच्या आत ठरवायचं आहे.