नववीपासून अमेरिकेतल्या कॉलेजची तयारी: कोल्हापुरात बसून आत्ता नेमकं काय करायचं?

करवीर_पालक
मुलगी नववीत आहे, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. गणित आणि भूगोल जिवापाड आवडतात. बारावीनंतर अमेरिकेतल्या चांगल्या कॉलेजात अर्ज करायचा विचार आहे, पण पूर्ण आर्थिक मदत मिळाली तरच. उत्पन्न म्हणजे शिरोली एमआयडीसीतली नोकरी आणि सामाईक खात्यावरचा तीन एकर ऊस. क्लासवाले म्हणतात आत्ताच एसएटीची, म्हणजे तिकडच्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची, बॅच लावा. अकरावीला इंटिग्रेटेड (जेईईचा क्लास जोडलेलं) कॉलेज घ्यावं की साधं, तेही ठरत नाही. आत्ता राहिली तर पुढे करताच येणार नाहीत अशी कामं कोणती, तेवढी सांगा.

कागद_आधी
पहिलं काम नववीच्या गुणपत्रकाचं. तिकडची कॉलेजं नववी ते बारावी अशी चार वर्षं धरतात. आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल बोर्डाचा, पण नववी आणि अकरावीचे गुण शाळा-कॉलेजच्या दप्तरातच राहतात. नववीचा निकाल लागला की त्याच महिन्यात इंग्रजीतलं विषयवार गुणपत्रक शाळेच्या लेटरहेडवर घ्या, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, चार प्रती. दाखला काढून गेल्यावर तीन वर्षांनी हेच मागायला गेलात की जुनं रजिस्टर शोधण्यात आठवडे जातात, आणि अर्जाची तारीख काही थांबत नाही.

दुसरं नाव. आपल्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीच्या सगळ्या नावाचा वेगळा. क्रम वेगळा असला तर चालतं, स्पेलिंग वेगळं असलं तर अडतं. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. दुरुस्ती दहावीचा फॉर्म भरायच्या आधी शाळेतच होते. फॉर्म भरल्यावर शाळेत तपासणीसाठी नावांची यादी (प्री-लिस्ट) येते, तेव्हा शेवटची संधी. गुणपत्रक छापून आलं की मग विभागीय मंडळाच्या खेपा. पासपोर्ट मुलीची १५ वर्षं पूर्ण झाल्यावर काढा. १५ ते १८ वयात दहा वर्षांच्या मुदतीचा मागता येतो, त्याआधी पाचच वर्षांचा मिळतो.

आता अकरावी. इथं मी स्पष्टच सांगतो, हजेरी नावापुरती असलेलं इंटिग्रेटेड कॉलेज या वाटेला चालत नाही. अर्जासोबत दोन विषयशिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, शिवाय प्राचार्य किंवा त्यांनी नेमलेल्या शिक्षकांना शाळेचा अहवाल भरावा लागतो. ज्या सरांनी मुलीला वर्गात बघितलंच नाही ते लिहिणार काय? मग घरी मजकूर तयार होतो आणि सर नुसती सही करतात. दोन्ही पत्रांची भाषा सारखी दिसली की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. साधं कॉलेज घ्या, जिथे गणिताचा वर्ग रोज भरतो. अकरावीचे गुण इथे कोणी मनावर घेत नाही. तिकडे ते बारकाईने वाचतात.

नदीमापक
कागदांचं वर आलंच आहे. मी कामाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.

कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या ऑनलाइन फॉर्मवर, उपक्रमांच्या दहा जागा असतात, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला स्पेस धरून १५० अक्षरं. सर्टिफिकेटांची फाईल कुठेच जोडली जात नाही. त्यामुळे दहा स्पर्धांचे सहभाग गोळा करण्यापेक्षा तीन वर्षं चाललेलं एक काम कितीतरी पटीनं जड भरतं.

गणित आणि भूगोल आवडतो म्हणताय, तर विषय दारातच आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे तर पोरासोरांना पाठ असतं. १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवस, एकाच शीटमध्ये नोंद ठेवा: तारीख, वेळ, पातळी, राधानगरी धरणातून सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये, धरण क्षेत्रातला पाऊस मिलिमीटरमध्ये. पहिल्या वर्षी नुसती नोंद. दुसऱ्या वर्षी विसर्ग वाढल्यावर पातळी किती तासांनी चढते ते काढा. तिसऱ्या वर्षी आधीच्या दोन वर्षांवरून अंदाज बांधा आणि कुठे चुकला ते लिहा.

चूक हमखास इथे होते: पातळी फूट-इंचात येते. ३९ फूट ६ इंच म्हणजे ३९.५ फूट, पण मुलं ३९.६ टाकतात. ४२ फूट ११ इंचाचं ४२.११ झालं की आलेख भलतीकडेच जातो. फूट आणि इंच वेगवेगळ्या रकान्यात भरा, इंचांना १२ ने भागून बेरीज शीटलाच करू द्या. दुसरी चूक वेळेची. सकाळची पातळी आणि संध्याकाळचा विसर्ग एका ओळीत टाकला की दोन्हींतल्या अंतराला काही अर्थ उरत नाही. राहिलेला दिवस रिकामा सोडा, अंदाजे आकडा भरू नका. आणि पुराच्या पाण्याजवळ जायचं नाही, जाहीर झालेले आकडेच घ्यायचे.

गणितासाठी आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची पहिली फेरी, आहे: तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. नववीत पहिल्यांदा बसली तर बारावीपर्यंत चार प्रयत्न मिळतात.

करवीर_पालक
नाव आजच ताडून बघितलं. आधारवर एक अक्षर जास्त आहे. मग एसएटी कधी? आणि मदतीसाठी उसाचं उत्पन्न दाखवायचं कसं? सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं आहेत.

शून्य_ऋण
एसएटी अकरावीत. पहिला प्रयत्न मार्चमध्ये, कमी पडलं तर बारावीच्या ऑगस्ट किंवा ऑक्टोबरमध्ये. नाव पासपोर्टप्रमाणेच नोंदवा. परीक्षा दोन तास १४ मिनिटांची: वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न, गणिताचे ४४. दोन्ही विषयांचे दोन-दोन भाग असतात, पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड हे ठरतं, म्हणून सुरुवातीच्या घाईतल्या चुका महागात पडतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. जेईईच्या सवयीनं मुलं प्रश्न सोडून देतात, तसं इथे करायचं नाही. सराव परीक्षा एसएटीच्याच ब्लूबुक अ‍ॅपवर फुकट आहेत. नववीत क्लास नको. रोज अर्धा तास इंग्रजी वाचन, विज्ञान आणि इतिहासाचं सुद्धा. गणिताची तिला भीती नाही, पण शाब्दिक उदाहरणांतलं इंग्रजी अडवतं.

बारावीचं वेळापत्रक आत्ताच डोळ्यांसमोर ठेवा. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतं, लवकरच्या (अर्ली) अर्जांची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, बाकीच्यांची जानेवारीच्या सुरुवातीला. जेईईचं पहिलं सत्र आणि प्रात्यक्षिकं त्याच सुमाराला येतात. म्हणून ६५० शब्दांचा निबंध अकरावीच्या मे महिन्याच्या सुट्टीतच लिहून काढायचा.

बांधावरचा_हिशेब
पैशाचं मी सांगतो. नामांकित खासगी कॉलेजांचा पूर्ण खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट इथे परदेशी मुलांनी मदत मागितली म्हणून प्रवेशाला फरक पडत नाही, आणि निवड झाली की लागेल तेवढी मदत देतात. बहुतेक ठिकाणी मात्र मदत मागितल्याचा परिणाम निवडीवर होतो. म्हणून 'आधी प्रवेश, मग मदत मागू' असं करू नका. परदेशी मुलांना नंतर सहसा काही देत नाहीत.

बऱ्याच कॉलेजांना सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्न-मालमत्तेचा ऑनलाइन फॉर्म, लागतं. नोकरीचा फॉर्म १६ सरळ आहे. घोळ होतो तो उसात. कारखान्याचं बिल एक सांगतं आणि बँकेत रक्कम कमी दिसते, कारण सेवा सोसायटीचं पीककर्ज आधीच वळतं होतं. कागद तपासणाऱ्याला हा फरक विसंगती वाटतो. प्रत्येक हंगामाचं एक पान करा: टन, दर, एकूण बिल, सोसायटी कपात, खात्यावर जमा. खाली बिलाची प्रत आणि पासबुकाचं तेच पान. खत, लागण, पाणीपट्टीचा खर्च वेगळा दाखवा. एकूण बिल म्हणजे उत्पन्न नव्हे.

जमिनीची किंमत विचारतात तेव्हा तीन एकर सगळे तुमच्या नावावर टाकू नका. सातबारा आणि आठ-अ वरचा तुमचा हिस्सा काढा, तेवढ्याचीच किंमत रेडीरेकनरप्रमाणे (सरकारी दराने) लिहा, आणि जमीन सामाईक आहे हे एका ओळीत इंग्रजीत नमूद करा. दुष्काळ, पूर, लोकरी मावा यानं एखाद्या वर्षी टनेज पडलं तर तेही त्याच पानावर. जुनी बिलं घरात कुणाच्या पिशवीत असतील तर या हंगामापासून एका फाईलमध्ये लावायला घ्या.

आधार मात्र आधी दुरुस्त करा, पासपोर्टचा अर्ज त्यानंतरच.