खिशातली टॅक्टिकल टॉर्च रोजच्या कामाची आहे का?

कवडसा (धागाकर्ता)

रोज जवळ बाळगायला टॉर्च कुठली घ्यावी असं कुणी विचारलं की उत्तरात हमखास एक छोटी टॅक्टिकल टॉर्च पुढे येते. अ‍ॅल्युमिनियमची वीतभराहून लहान नळी, बुडाला खटका, तोंडाला दातेरी कडा, स्ट्रोब म्हणजे झपाझप लुकलुकणारा उजेड, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात हजाराच्या वर ल्युमेन (एकूण उजेडाचं माप). माझं स्पष्ट मत आहे की यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी रोजच्या वापरात आड येतात.

रोज टॉर्च लागते कशाला? कुलपात किल्ली घालायला, सिंकखाली गळणारा पाइप शोधायला, मीटरच्या पेटीत डोकवायला, कपाटामागे पडलेला स्क्रू काढायला, दिवे गेल्यावर जिना उतरायला. ही सगळी कामं हातभर अंतरावरची. तिथे हजार ल्युमेनचा अरुंद झोत टाकला की समोरचा पांढरा पत्रा किंवा कागद तोच उजेड डोळ्यांवर परत फेकतो आणि जे बघायचं तेच दिसत नाही. अशा कामांना ५ ते ५० ल्युमेन पुरतात. रात्री अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात, आणि टॉर्च एकदा पूर्ण जोरात लागली की ते सगळं क्षणात जातं. त्यामुळे एक ल्युमेनच्या आसपासची अगदी मंद पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. तिची जाहिरात मात्र सहसा कुणी करत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. टॉर्च मोजायचं एफएल-१ नावाचं मानक २००९ साली आलं. त्याप्रमाणे ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांपासून २ मिनिटांपर्यंतच्या काळात. चालण्याचा वेळ मात्र उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. म्हणजे एखादी टॉर्च दोन मिनिटं १००० देऊन पुढे तीन तास जेमतेम १५० वर चालली, तरी खोक्यावर ‘१००० ल्युमेन, ३ तास’ असं छापता येतं, आणि ते नियमात बसतं. साधा हिशोब करा. अशा टॉर्चमधला १८६५० मापाचा रिचार्जेबल लिथियम सेल चांगला असला तर ३५०० एमएएच, ३.६ व्होल्ट, म्हणजे सुमारे १२.६ वॅट-तास. एका वॅटला १०० ते १२० ल्युमेन मिळाले तर १००० ल्युमेनला ८ ते १० वॅट लागणार. सव्वा-दीड तासात सेल संपला. तेवढाही वेळ ती टॉर्च हजारावर टिकत नाही, कारण त्या वॅटांतली अर्ध्याहून जास्त ऊर्जा उष्णतेत जाते आणि एवढ्याशा नळीला ती बाहेर टाकता येत नाही. मग आतलं सर्किट आपणहून उजेड उतरवतं.

म्हणून टॉर्च पारखताना मी आधी सगळ्यात मंद पायरी बघतो, मग ती कुठल्या पायरीवर सुरू होते ते, मग दहा मिनिटांनंतर उजेड किती उरतो ते. कमाल ल्युमेन शेवटी. तुमचं काय मत?

---

रात्रपाळी

साफ असहमत. मी गोदामावर रात्री फेऱ्या मारतो, त्यामुळे टॉर्च माझ्यासाठी अवजार आहे.

एका हातात नोंदवही किंवा किल्ल्यांचा जुडगा, हातात मोजे, आणि पुढे काळोख. अशा वेळी टॉर्चच्या बुडाला अंगठा बसला आणि दाबला की पूर्ण उजेड, एवढंच मला हवं असतं. बाजूला सपाट बटण असलेल्या टॉर्चमध्ये आधी बटण चाचपडत शोधा, मग एकदा दाबलं की मंद, धरून ठेवलं की अमुक, दोनदा दाबलं की तमुक. घाबरलेल्या माणसाला हे आठवत नाही. कुत्रा अंगावर धावून आला तर तुमची एक ल्युमेनची पायरी काय कामाची?

खटक्याचा प्रकारही बघा. फॉरवर्ड खटक्यात नुसतं अर्धवट दाबलं की दिवा लागतो आणि अंगठा उचलला की विझतो, ‘टक्’ व्हायची वाट बघावी लागत नाही. रॅकच्या मागे एक नजर टाकून लगेच काळोख करता येतो. रिव्हर्स खटक्यात आधी पूर्ण दाबून सोडावं लागतं, तेव्हा कुठे दिवा लागतो. हा फरक एकदा हाताला कळला की माणूस दुसऱ्या प्रकाराकडे वळत नाही.

आणि लांब बघायचं तर ल्युमेनला फार अर्थ नाही, कँडेला बघा, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे ते. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमध्ये पल्ला मिळतो. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण तो पल्ला ०.२५ लक्सपर्यंतचा, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडेल तिथवरचा. माणूस आहे की पोतं, हे ओळखायचं तर त्याच्या निम्मं अंतरच धरा. अंगणाच्या टोकापर्यंत बघायचं असेल तर हे सगळं लागतंच.

---

कवडसा

बुडाच्या खटक्याबद्दल माझा वाद नाही. माझं भांडण आहे ते टॉर्च कुठून सुरू होते याच्याशी. बहुतेक टॅक्टिकल टॉर्च पहिल्या दाबात कमाल उजेड देतात आणि मंद पायरी तिसऱ्या-चौथ्या दाबावर असते, कधी तर मध्ये स्ट्रोब ओलांडून जावं लागतं. झोपलेल्या मुलाच्या खोलीत औषधाची बाटली शोधताना तो स्ट्रोब लागला तर काय होतं ते सांगायला नको. ज्यांना लुकलुकत्या उजेडाने फिट येते त्यांच्यासाठी तर तो धोकाच आहे.

शिवाय पोलिसांच्या हातात कित्येक वर्षं असलेली शुअरफायर ६पी आठवा. दोन सीआर१२३ सेल (एकदाच वापरायचे छोटे लिथियम सेल), साधा तारेचा बल्ब आणि ६५ ल्युमेन. तेवढ्यावर त्यांचं काम चालत होतं. मग खिशातल्या टॉर्चला हजार कशाला?

---

रात्रपाळी

६पीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या टॉर्चला एकच पायरी आणि एकच खटका होता. दाबलं की लागली, सोडलं की विझली. ते ६५ ल्युमेन घट्ट झोतात होते म्हणून पुरले. मलाही हजार नकोत. स्ट्रोबही मी मागत नाही. असलाच तर त्याला वेगळं बटण हवं, तीन दाबांनंतर येणारा स्ट्रोब संकटात कधीच वेळेवर येत नाही. मला हवंय ते पहिल्या दाबाला भरवशाचा, लांब जाणारा उजेड.

---

चौकस

दोघांनाही विचारतो, वेगळी टॉर्च हवीच कशाला? फोन सगळ्यांच्या खिशात असतो आणि रोज रात्री चार्जही होतो. कवडसा यांनी जी कामं मोजली, कुलूप, मीटर, कपाटामागचा स्क्रू, ती सगळी फोनच्या दिव्यात होतात. उजेड पसरट असतो, त्यामुळे डोळेही दिपत नाहीत. म्हणजे ज्या दोषावर हा धागा उभा आहे तो फोनमध्ये नाहीच. पाकीट, किल्ल्या, फोन यांत आणखी एक जड नळी घालायची आणि तिचा सेल भरलाय का याची काळजी वाहायची, हे बहुतेकांना जमत नाही. मग ती टॉर्च ड्रॉवरमध्ये पडून राहते आणि लागेल त्या दिवशी जवळ नसते.

---

पायवाट

चौकस, फोनच्या दिव्यापुढे झोत बांधणारं काही नसतं, त्यामुळे उजेड चार पावलांवर विरून जातो. पायवाटेवर वळणापुढे काय आहे ते दिसत नाही, आणि मी चालतो तिथे पायाखाली नुसती दगडं नसतात.

धरायलाही फोन गैरसोयीचा. सिंकखाली आडवं पडून दोन्ही हातांनी नट आवळताना तो कुठे ठेवणार? छोटी टॉर्च क्लिपने टोपीच्या कडेला अडकवता येते आणि नजर वळेल तिकडे उजेड वळतो. (क्लिप दोन्ही बाजूंनी अडकणारी असेल तरच हे जमतं, घेताना बघा.) विहिरीत किंवा गटारात डोकावताना हातातून निसटली तर टॉर्च गेली, फोन नाही. आणि मुख्य म्हणजे रस्ता चुकलात तर फोनची बॅटरी हाक मारायला लागते. ती दिव्यात घालवायची नसते.

मात्र रात्रपाळी यांच्या अरुंद झोताशीही मी सहमत नाही. चालताना मला पायाजवळचं आणि पुढचं एकदम दिसायला हवं. गुळगुळीत रिफ्लेक्टरच्या टॉर्चने मध्ये लख्ख ठिपका पडतो आणि भोवती काळोख, तिथे ठेच लागते. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत रिफ्लेक्टर किंवा टीआयआर भिंग (रिफ्लेक्टरऐवजी एलईडीवर बसवलेलं भरीव भिंग) असेल तर ठिपक्याची कडा विरघळते.

---

तांब्याची तार

मी वायरिंगची कामं करतो. इथे सगळे उजेड किती यावर भांडताहेत, कसला यावर कुणी बोललंच नाही.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर चढवून पांढरा उजेड तयार करतात. (त्या निळ्या एलईडीसाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्वस्तात जास्त ल्युमेन हवे असले की निळा जास्त ठेवतात आणि लाल मारला जातो. ६५०० केल्विनची, ७० सीआरआयची टॉर्च घेऊन जंक्शन बॉक्समध्ये बघा. (केल्विन म्हणजे उजेडाची छटा, आकडा जास्त तितकी ती निळसर; सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी गुण.) लाल आणि तपकिरी वायर शेजारी असल्या की दोन्ही मळकट दिसतात. माझ्या कामात ही चूक जिवावर बेतू शकते. गाडीखालचा ओघळ तेलाचा की कूलंटचा, जखमेतून ताजं रक्त येतंय की नाही, हेही रंगावरूनच कळतं.

घेताना एक सोपी परीक्षा करा. टॉर्च मंद करून स्वतःच्या तळहातावर धरा. उजेड वाईट असेल तर हात राखाडी, हिरवट दिसतो. ९०च्या वर सीआरआय आणि ४०००-५००० केल्विन असेल तर कातडीखालचा गुलाबीपणा दिसतो, नखाखालची लाली कळते. एवढं बघायला दहा सेकंद लागतात.

त्यासाठी थोडे ल्युमेन सोडावे लागतात, पण त्याचं दुःख मानू नका. उजेड दुप्पट झालेला डोळ्यांना वाटायचा तर ल्युमेन साधारण चौपट व्हावे लागतात. १००० आणि ८०० यांतला फरक शेजारी शेजारी लावूनही नीट सांगता येत नाही. रंगातला फरक लहान मूलही सांगेल.

---

रात्रपाळी

तार, जवळच्या कामाला तुमचं म्हणणं मान्य. पण लांबवर मला रंग नको, आकार हवा. तिथे थोडी थंड छटा चालते आणि कँडेला महत्त्वाचे ठरतात.

---

तांब्याची तार

पळणाऱ्याचा शर्ट लाल होता की तपकिरी, हे तुम्हाला सकाळी कुणी विचारत नाही का?

---

घुबड

मी टॉर्च उघडून दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्या टॉर्चमध्ये एलईडी क्वचित मेलेला असतो. मरतं ते चार्जिंग, खटका किंवा सेल. म्हणून माझ्या यादीत सेल पहिला.

आत कायमचा बसवलेला सेल असेल तर घेऊ नका. तो दमला की टॉर्चच टाकून द्यावी लागते. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, सगळीकडे मिळणारा सेल. त्याची टॉर्च पॅंटच्या खिशात थोडी जाणवते. १४५०० हा पेन्सिल सेलच्या मापाचा, खिशाला हलका, पण ऊर्जा बरीच कमी. काही टॉर्चमध्ये १४५०० आणि साधा पेन्सिल सेल दोन्ही चालतात, हा मला सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो. साधा अल्कलाइन मात्र आत विसरू नका, तो गळतो आणि नळी कुजवतो. वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या टॉर्चला सीआर१२३ घाला, त्याचं साठवणीतलं आयुष्य सुमारे १० वर्षांचं असतं.

चार्जिंगचं भोक यूएसबी-सी दिसलं म्हणून खूश होऊ नका. आत ५.१ किलोओहमचे दोन इवलेसे रेझिस्टर लागतात, चार्जरला ‘इथे वीज हवी आहे’ हे त्यांच्यावरून कळतं. पैसे वाचवायला काही जण ते गाळतात. मग दोन्हीकडे सी असलेली वायर लावली की टॉर्च चार्जच होत नाही, आणि लोक बिघडली म्हणून माझ्याकडे आणतात. घेताना सी-टू-सी वायर लावून बघा.

शेवटचं, आणि हे गंभीर आहे. हजार ल्युमेनची टॉर्च खिशात आपोआप लागली तर कापड करपतं, मांडी भाजते. दातेरी कडेचा एक फायदा म्हणजे टेबलावर उलटी ठेवली तरी फटींतून उजेड दिसतो, पण खिशात तो दिसत नाही. बुडाचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीज तुटते का ते बघा. आट्यांवर अ‍ॅनोडायझिंग (वीज न वाहू देणारा थर) असेल तरच तुटते, उघड्या धातूच्या आट्यांत तुटत नाही. इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्च बंद असतानाही थोडी वीज पीत असतात, तीही याने थांबते. विमानाने जाणार असाल तर सुटे लिथियम सेल टोकं झाकून हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात चालत नाहीत.

---

चौकस

घुबड, तुम्ही अगदी उपयोगी लिहिलंत, आणि माझं मत आणखी पक्कं केलंत. रेझिस्टर, आट्या, सेलचा प्रकार, पाव फेरा. एवढं सांभाळणारा माणूस शंभरात एखादा. बाकीच्यांनी काय घ्यावं ते सांगा.

---

कवडसा

बाकीच्यांसाठी एका एएए सेलवर चालणारी, किल्ल्यांच्या जुडग्यातली बोटाएवढी टॉर्च. डोकं पिळलं की लागते, मंदपासून सुरू होते, आत निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल. शंभरच्या आसपास ल्युमेन. किल्ल्या घेतल्या की ती आलीच, त्यामुळे ड्रॉवरमध्ये राहण्याचा तुमचा आक्षेपही सुटतो. फोनने होणारी सगळी कामं ती करते आणि दातांत धरता येते.

रात्रपाळी, तुमच्यासाठी मात्र मी वेगळा प्रकार सुचवेन. काही टॉर्चमध्ये पायऱ्या खटक्यावर नसतात, पुढच्या डोक्यावर असतात. डोकं घट्ट आवळलेलं असेल तर दाबल्याबरोबर पूर्ण उजेड, थोडं सैल केलं तर मंद. पाळीवर निघताना आवळायचं, घरी आल्यावर सैल करायचं. कुठे सुरू होणार हे दाबण्याआधीच ठरलेलं असतं, स्ट्रोब वाटेत येत नाही, आणि तुमचा फॉरवर्ड खटकाही राहतो.

---

रात्रपाळी

हा प्रकार माझ्या पाहण्यात आहे. अडचण एकच, ते डोकं किती घट्ट आवळलंय हे नुसत्या हाताला कळत नाही. खिशात घासून अर्धा फेरा सैल झालं तर गोदामात नेमक्या वेळी मंद लागणार. त्या आट्या इतक्या जड फिरतात का की खिशात हलणार नाहीत, आणि तरी मोजे घालून एका हाताने फिरवता येतील? कुणी रोज वापरत असेल तर सांगा, आणि ओ-रिंगला (आट्यांजवळच्या रबरी कड्याला) ग्रीस लावल्यावर ती पकड किती ढिली होते तेही सांगा.